सगळं मिळालं, तरी आतून रिकामं का वाटतं? 'बर्नआउट' म्हणजे नेमकं काय?

पॅकेज चांगलं आहे. हिंजवडी नाहीतर खराडीला टू बीएचके बुक झालाय. फॅमिली ग्रुपवर प्रमोशनची बातमी पडली की खाली अभिनंदनाची रांग लागते. गावाकडे आई-वडिलांना कुणी विचारलं तर "पोरगं मार्गी लागलं" एवढं एक वाक्य पुरतं.

आणि तरीही रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. सोमवारी लॅपटॉप उघडला की पहिला अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघण्यात जातो. कुणाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं, "तुला काय कमी आहे रे? इथं लोकांना नोकऱ्या मिळेनात."

बरं, हे उत्तर खोटंही नाही. नोकऱ्या खरंच मिळत नाहीत. त्यामुळे बोलणारा स्वतःच ओशाळतो आणि गप्प बसतो. बाहेरून सगळं छान दिसणाऱ्या लोकांचा हा त्रास वर्षानुवर्षं झाकून राहण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता या सगळ्याला सोशल मीडियावर एक शब्द चिकटलाय, बर्नआउट. दोन रात्री झोप झाली नाही, बर्नआउट. बॉस ओरडला, बर्नआउट. शब्द इतका स्वस्त झालाय की ज्याला खरंच त्रास आहे त्यालाही तो वापरायची लाज वाटावी. म्हणून आधी हा शब्द आला कुठून ते बघू.

न्यूयॉर्कचा एक डॉक्टर आणि एक टेपरेकॉर्डर

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. जन्म जर्मनीतल्या ज्यू कुटुंबातला. नाझींच्या काळात लहान वयातच देश सोडून ते अमेरिकेत आले. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात एक मोफत दवाखाना चालायचा. तिथे येणाऱ्यांमध्ये ड्रग्जच्या आहारी गेलेली तरुण पोरं बरीच असायची. फ्रॉयडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि ती संपली की रात्री उशिरापर्यंत या दवाखान्यात फुकट काम करायचे.

तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सोबतचे स्वयंसेवक सुरुवातीला झपाटून काम करायचे. पण काही महिन्यांत तेच लोक चिडचिडे व्हायचे, पेशंटबद्दल तुच्छतेने बोलायला लागायचे, आणि तास मात्र आधीपेक्षा जास्त घालवायचे. हाताला काहीच लागायचं नाही. वर्षानुवर्षं नशा करून पार संपलेल्या माणसाला तिथल्या रस्त्यावरच्या भाषेत 'बर्न्ट आउट' म्हणायचे. फ्रॉयडेनबर्गरांनी तोच शब्द पेशंटवरून उचलला आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लावला.

त्यात ते स्वतःही होते. घरचे सगळे सुट्टीला निघायच्या तयारीत, बॅगा भरलेल्या, आणि या माणसाला अंथरुणातून उठता येईना. नंतर त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला, आपल्या मनात जे येतंय ते बोलून काढलं आणि मग परक्या पेशंटचं ऐकावं तसं ते ऐकलं. १९७४ साली त्यांचा बर्नआउटवरचा शोधनिबंध छापून आला. १९८०मध्ये पुस्तक आलं, आणि त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ होता 'मोठ्या यशाची मोठी किंमत'. म्हणजे हा शब्द जन्मला तोच कामसू, ध्येयवेड्या लोकांसाठी. आळशी माणसाला बर्नआउट होत नाही असं नाही, पण जळायला आधी पेटलेलं असावं लागतं, असा त्यातला मुद्दा होता.

थोडं बाजूला जाऊन सांगायचं तर साहित्यात ही कल्पना त्याआधीच येऊन गेली होती. ग्रॅहम ग्रीन यांची 'अ बर्न्ट-आउट केस' ही कादंबरी १९६०च्या सुमाराची. जगभर नाव कमावलेला एक आर्किटेक्ट काँगोमधल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत येऊन राहतो, कारण त्याला आता कशातच काही वाटत नाही. ज्या कुष्ठरोग्याचा आजार बोटं वगैरे खाऊन झाल्यावर थांबतो, त्याला तिथे 'बर्न्ट-आउट केस' म्हणतात. आर्किटेक्टचंही तेच झालंय, फक्त आतून.

थकवा म्हणजे बर्नआउट नाही

हा शब्द मोजता येईल असा केला तो क्रिस्टिना मास्लाक यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या या प्राध्यापक. (१९७१च्या त्या कुप्रसिद्ध स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगाबद्दल तुम्ही वाचलं असेल. हे चाललंय ते भयंकर आहे असं तोंडावर सांगून तो थांबवायला लावणाऱ्या त्याच या बाई.) १९८१मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सुसान जॅक्सन यांनी एक प्रश्नावली तयार केली. बर्नआउटच्या अभ्यासात आजही सगळ्यात जास्त तीच वापरली जाते.

त्यांच्या मते बर्नआउटला तीन बाजू आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असलेली, थकवा. झोपून उठल्यावरही न जाणारा. दुसरी म्हणजे कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा. डॉक्टरला पेशंटचं नाव आठवत नाही, 'बेड नंबर बारा' आठवतो. शिक्षकाला पोरं म्हणजे तपासायचा गठ्ठा वाटतो. आयटीवाल्याला समोरचा माणूस माणूस वाटत नाही, तिकीट वाटतं. तिसरी बाजू म्हणजे आपल्याला काहीच जमत नाही, आपण करतो त्याला अर्थ नाही, ही भावना.

मास्लाक यांचं म्हणणं असं की नुसती पहिली बाजू असेल तर तुम्ही थकलेले आहात. तिन्ही एकत्र आल्या की तो बर्नआउट. आणि हुशार लोकांच्या बाबतीत खरी गोची तिसऱ्या बाजूला होते. कारण यांचं रेटिंग चांगलं असतं. मॅनेजर खूश असतो. कागदावर सगळं जमतंय, आणि आत मात्र "आपण उघडे पडणार" ही धास्ती. मग ती झाकायला आणखी काम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. तेव्हा 'बर्नआउट आता आजार' अशा हेडलाइन्स झाल्या होत्या. त्या चुकीच्या होत्या. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून होणारी ही स्थिती आहे, आणि हा शब्द कामापुरताच वापरावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

हा फरक किरकोळ वाटेल, पण आहे महत्त्वाचा. काम सोडून बाकी ठिकाणी, म्हणजे मित्रांमध्ये, क्रिकेटमध्ये, घरी भाचरांसोबत जीव रमत असेल तर गोष्ट वेगळी. पण कशातच रस उरला नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. त्याला 'ऑफिसचा ताण आहे, होईल ठीक' म्हणत बसणं धोक्याचं आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतातही, आणि त्यांची उकल डॉक्टरने करायची, रीलने नाही.

जिंकल्यावर काय?

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. काम प्रमाणाबाहेर असेल तर माणूस थकणार, हे कुणालाही कळतं. पण जे हवं होतं ते मिळाल्यावर रिकामं का वाटतं?

अभिनव बिंद्रा आठवतोय? २००८, बीजिंग, दहा मीटर एअर रायफल. वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा पहिला भारतीय. अख्खा देश नाचत होता. त्याने नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितलंय की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मानसिक पेच हरल्यावर नाही, हे पदक जिंकल्यावर उभा राहिला. वर्षानुवर्षं एकाच ध्येयाभोवती दिवस बांधलेला होता. ध्येय गाठलं आणि दिवसाला धरून ठेवणारा खिळाच निघाला.

याला 'अरायव्हल फॅलसी' म्हणतात, म्हणजे 'तिथे पोचलो की सुख' हा भ्रम. हा शब्दप्रयोग ताल बेन-शहार यांचा. ते नंतर हार्वर्डमध्ये सुखाच्या मानसशास्त्रावर शिकवायचे, पण त्याआधी इस्रायलमधले स्क्वॅशपटू होते आणि सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले होते. त्या विजयाचा आनंद त्यांना काही तासच पुरला.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव आहे का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्राध्यापकाची नोकरी कायम होणं ही फार मोठी गोष्ट. ज्यांचा निर्णय व्हायचा होता अशा प्राध्यापकांना त्यांनी विचारलं, नोकरी पक्की झाली तर किती सुखी व्हाल? आणि नाही झाली तर? अर्थातच सगळ्यांना वाटत होतं की झाली तर स्वर्ग, नाही झाली तर वाट लागली. मग त्यांनी आधीच निर्णय होऊन गेलेल्यांकडे पाहिलं. ज्यांची नोकरी पक्की झाली आणि ज्यांची नाही झाली, त्यांच्या सुखाच्या पातळीत म्हणावा असा फरक नव्हता. आपण नव्या परिस्थितीला सरावतो. चांगल्याही आणि वाईटही. पहिला पगार आठवा आणि आत्ताचा पगार जमा झाल्याचा मेसेज आठवा.

आपल्याकडे हा भ्रम घराघरात शिकवला जातो, आणि तोही प्रेमाने. "दहावी होऊ दे, मग खेळ किती खेळायचं ते." "बारावी झाली की सुटलास." "एकदा कॅम्पसमध्ये लाग, मग काही बघायला नको." मग ऑनसाइट, मग घर, मग टीम लीड. बोर्डाने मेरिट लिस्ट केव्हाच बंद केली, पण ती आपल्या डोक्यात चालूच राहिली. आता ती लिंक्डइनवर लागते.

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आवडीचं. स्टॅनफर्डमधल्या मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३चा एक प्रयोग आहे, तो मला या सगळ्या अभ्यासांत सगळ्यात जास्त टोचतो. बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळात मार्कर ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली पोरं आता चित्रांकडे बाकीच्यांपेक्षा बरीच कमी फिरकली. खेळ होता, त्याचं काम झालं.

हे वाचताना कुणाला आपलं गणित आठवेल, कुणाला कोडिंग, कुणाला लिहिणं. आधी आवडायचं म्हणून चांगलं जमलं. चांगलं जमलं म्हणून मार्क मिळाले. मार्क मिळाले म्हणून सगळे खूश झाले. मग हळूहळू काम आवडीसाठी न राहता सगळ्यांच्या खुशीसाठी व्हायला लागलं, आणि हे कधी झालं ते कळलंही नाही.

परफेक्शनिझमचं म्हणाल तर त्यातही एक प्रकार विशेष वाईट आहे. आपण स्वतःकडून खूप अपेक्षा ठेवणं वेगळं, आणि 'मी परफेक्ट असलो तरच लोक मला स्वीकारतील' असं वाटणं वेगळं. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांचा १९८९ ते २०१६ या काळातला डेटा एकत्र केला. दोन्ही प्रकार वाढले होते, पण हा दुसरा प्रकार सगळ्यात जास्त.

सत्तर तास, नव्वद तास

ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा नव्वद तासांचा व्हिडिओ व्हायरल झाला, बायकोकडे किती वेळ बघत बसणार, या वाक्यासकट. मीम्स खूप झाले. त्याच्या अल्याड, जुलै २०२४मध्ये, पुण्यात एका बड्या अकाउंटिंग कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए दगावली. कामाच्या बोज्यामुळे मुलगी गेली असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितलं, कंपनीने ते मान्य केलं नाही. पत्र सप्टेंबरमध्ये व्हायरल झालं. मग कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले, तेव्हा त्यांना आढळलं की २००७पासून चालू असलेल्या या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती.

तासांबद्दल विज्ञान बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. जपानमध्ये अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' हा वेगळा शब्दच आहे आणि तो रोखण्यासाठी २०१४मध्ये कायदा झाला.

पण सगळं तासांवर ढकलणंही बरोबर नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळं जिथे असतात अशा कामाच्या सहा बाबी सांगितल्यात, आणि कामाचा बोजा ही त्यातली फक्त एक. बाकीच्या म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा किती, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. अप्रेझलच्या बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली ढकलायचंच म्हणून तुमचं रेटिंग पाडलं, तर तास कमी असूनही माणूस आतून तुटतो. जे प्रॉडक्ट आपण आपल्या आईला वापरू देणार नाही ते विकायचं काम रोज करावं लागलं, तर आठ तासही पुष्कळ होतात.

म्हणूनच ऑफिसात शुक्रवारी दुपारी होणाऱ्या 'वेलनेस सेशन'चं मला हसू येतं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात, आणि ते चालू असतानाच क्लायंटचा पिंग येतो. मास्लाक यासाठी खाणीतल्या कॅनरी पक्ष्याचं उदाहरण देतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पक्षी नेत. पक्षी पडला तर खाणीत काहीतरी बिघडलंय असं समजायचं असतं. आपण पक्ष्यालाच 'अजून कणखर हो' म्हणून सांगतोय.

कायदा कुठे आहे?

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तास करायला मंजुरी दिली. पण मेख वेगळीकडेच आहे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या लोकांना हा कायदा लागूच होत नाही. आता तुमच्या ऑफिसात किती जणांच्या पदात 'मॅनेजर' आहे ते मोजा.

ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक २०१८च्या शेवटी लोकसभेत मांडलं, आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचा कायदा होणं फार दुर्मिळ असतं, त्यामुळे त्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, गोव्याची ट्रिप हा इलाज नाही. जरूर जा, पण एवढं माहीत असू द्या की सुट्टीचा परिणाम टिकत नाही. मिना वेस्टमन आणि डोव्ह एडन यांच्या १९९७च्या अभ्यासात सुट्टीत बर्नआउट कमी झाला आणि परतल्यावर तीन आठवड्यांत होता तिथे आला. काम तेच, माणसं तीच, तर दुसरं काय होणार?

राजीनामा दे आणि डोंगरात जा, असं सांगणारी रील्स ज्यांच्या खात्यावर ईएमआय नाही त्यांच्यासाठी असतात. त्यापेक्षा एक अभ्यास जास्त उपयोगाचा आहे. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं गेलं की कामातला कुठला भाग तुम्हाला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो. कुणाला पेशंट बघणं, कुणाला शिकवणं, कुणाला संशोधन. ज्यांचा किमान २० टक्के वेळ त्या आवडत्या भागात जात होता त्यांच्यात बर्नआउटचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ज्यांचा त्याहून कमी जात होता त्यांच्यात सुमारे ५४ टक्के. वीस टक्के म्हणजे आठवड्यातला एक दिवस. पुढच्या वन-ऑन-वनमध्ये हाइकसोबत हेही मागता येतं, की ज्युनिअर्सना शिकवायचं काम मला द्या, किंवा तो एक मॉड्यूल माझ्याकडेच ठेवा. सगळे मॅनेजर ऐकतील असं नाही. पण 'मला बर्नआउट झालाय' यापेक्षा ही मागणी त्यांना लवकर कळते.

आणि घरी बोलताना 'मी दमलोय' एवढंच सांगू नका, कारण त्याला उत्तर 'झोप मग' असंच येतं. किती आठवड्यांपासून नीट झोप नाही, काय आवडेनासं झालंय, कुठल्या गोष्टीची भीती वाटते, हे सांगितलं तर समोरच्यालाही धरायला काहीतरी मिळतं.

डॉक्टरकडे जातानाही हीच माहिती कामाची. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २४ तास आणि फुकट चालते, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत बसवा. मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यासाठी काय आहे, ओपीडीचा खर्च धरलाय की फक्त ॲडमिट झाल्यावरचा, हे एचआरला मेल करून विचारा. कशासाठी हवंय, ते सांगायची गरज नसते.